दात आधी, चेहरा नंतर

निवृत्त झाल्यावर दातांच्या डॉक्टरांनी नातीचं हुबेहूब चित्र तैलरंगात काढायला घेतलं आणि जन्मभराच्या सवयीने सुरुवात दातांपासून केली. आठवड्याभरात कॅनव्हासवर वीसच्या वीस दुधाचे दात चमकू लागले. भोवती चेहरा नव्हता.

"हे काय?" बायकोने विचारलं.

"आपली चिमणी. हसतेय."

"हसत नाहीये, चावायला येतेय! आणि हा टर्पेंटाइनचा वास घरातून घालवा आधी. चहालासुद्धा तोच वास येतोय."

पण डॉक्टर ऐकायला तयार नव्हते. लेकीची बदली झाली होती. महिनाअखेरीस चिमणी आईबापांबरोबर दूरच्या गावी जाणार होती. ती नाही तर निदान तिचं चित्र तरी डोळ्यांसमोर राहावं, एवढ्यासाठी त्यांचा आटापिटा चालला होता.

चित्रकलेच्या मास्तरांनी ते दात पाहून कपाळावर हात मारला. "डॉक्टर, कुणाचा चेहरा कधी बघितलाय का हो?"

प्रश्न वर्मी लागला. डॉक्टरांनी आजवर माणसं ओळखली होती ती दाढांवरून.

"कातडीचा रंग नळीतून तयार येत नाही," मास्तर म्हणाले. "नाकाशेजारच्या सावलीत हिरवट छटा असते. बघा नीट."

हिरवट? आता डॉक्टरांना चैन पडेना. त्यांनी पोस्टमनचं नाक बघितलं, न्हाव्याचं बघितलं, वाण्याचं बघितलं, बँकेतल्या रोखपालाचं तर काचेला कपाळ टेकवून बघितलं. खरंच की, हिरवट! डॉक्टर माणूस एवढं निरखून बघतोय म्हणजे काहीतरी असणारच, म्हणून वाण्याने घाबरून रक्त तपासून घेतलं.

हळूहळू गाल आले, डोळे आले, नाकही जागेवर बसलं. आणि चिमणीचा पुढचा दात पडला.

"आजोबा, चित्रातलाही काढा ना!"

डॉक्टरांनी हजारो दात काढले होते, पण हा काही सरळ निघेना. दाताबरोबर ओठ खरवडला गेला. नवा ओठ काढला तर हनुवटी रुसली. हनुवटीची समजूत काढेपर्यंत निघायचा दिवस उजाडला.

सकाळी शेवटचा हात फिरला. चिमणीने चित्रासमोर उभं राहून पडलेल्या दाताच्या जागी जीभ घालून पाहिली. "मीच आहे ही!" ती किंचाळली. डॉक्टरांचे डोळे भरून आले.

बॅगा खाली ठेवून ते वर आले, तर चित्राला नाक नव्हतं. शेजारी बायको हातात चिंधी घेऊन उभी होती.

"धूळ पुसायला गेले, तर हे झालं बाई!"

"आई, अगं ओला रंग होता तो!" लेक कळवळली. "आता गं?"

"आता काय? सुट्टीत पोरीला समोर आणून बसवायचं. नाक का असं आठवणीवरून काढता येतं?"

"मी येणार बसायला!" चिमणी दारातूनच ओरडली.

गाडी वळणापलीकडे गेल्यावर डॉक्टर पुन्हा चित्रापाशी आले. गाल शाबूत होते, ओठ शाबूत होते. फक्त नाक तेवढं सफाईने उतरवलेलं होतं. त्यांनी बायकोच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं. बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच.

"सुट्टीत नाक होईल," ते म्हणाले. "पण त्याच्या पुढच्या सुट्टीत?"

बायकोने चिंधीची घडी घालून ती जपून कपाटात ठेवली.

"दोन कान आहेत की अजून."