अगस्त्याची नोंद

अख्ख्या भिवंडीत लाइट गेल्यावर टाळ्या वाजवणारा माणूस एकच, आणि तो नेमका माझ्या डोक्यावर राहतो. चौथ्या मजल्यावरचे भोईरकाका. कापडाचे लूम थांबले, आमचा नारपोलीचा भाग गप्प झाला, की आम्ही सगळे विजेच्या नावानं बोटं मोडतो. काका मात्र जिन्यात ओरडतात, "चला, खिडकी उघडली!" मग दर पायरीवर काठी आपटत माझं दार ठोठावतात, खालच्या कारखान्यातल्या सलीममास्टरला हाक मारतात आणि आम्हा दोघांना गच्चीवर हाकतात.

खिडकी म्हणजे पालिकेतली, जन्मनोंदणीची. काकांचा जन्म तिथे नोकरीत गेला. मुलाचं नाव अजून ठरलं नाही म्हणणाऱ्या बापाला ते सोडत नसत. "नाव न्हाय? मग हाक कशी मारशील? शुक शुक?" बाप बिचारा तिथंच उभ्या उभ्या नाव ठेवून मोकळा व्हायचा.

निवृत्त झाल्यावर नावं ठेवायला पोरं उरली नाहीत, म्हणून काकांनी आकाश धरलं. तेही दक्षिणेचं. "उत्तरेला ध्रुव हाय, त्याला शेंबडं पोर वळखतं. दक्षिणेच्यांना कोन विचारतंय?" त्यासाठी एक जाडजूड रजिस्टर. त्यात तीन रकाने: नाव, पत्ता, माहिती देणारा. अगस्त्य ताऱ्याचा पत्ता, 'सायझिंग कारखान्याच्या चिमणीवर दोन मुठी,' हात लांब करून मोजलेल्या. त्रिशंकू फक्त उन्हाळ्यात, क्षितिजाजवळ तोंड दाखवून जातो, म्हणून त्याच्यापुढे शेरा, 'हंगामी.'

मास्टर सुरुवातीला भलतीकडेच बोट दाखवायचा. "चाचा, वो लालवाला कौन?"

"वो मोबाइल का टॉवर है, मास्टर. उसका दाखला कंपनी देगी."

कायदा एकच. "दिसला तर हाय म्हना, नसला तर न्हाय म्हना. खोटी नोंद नको." एकदा घरात कुकर शिट्ट्या मारत होता, म्हणून मी सुटका करून घ्यायला "दिसला" म्हटलं. झालं! रंग कुठला? चिमणीच्या कुठल्या अंगाला? उलटतपासणीत माझा भात करपला आणि खोटंही पकडलं गेलं. पण खरं सांगू? या धुराच्या आणि कापसाच्या धुळीच्या गावात वर बघायलाही काही असतं, हे मला चाळिशीत या माणसानं शिकवलं. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

या फेब्रुवारीत संध्याकाळी साडेआठच्या सुमाराला लाइट गेली. काका नेहमीच्या जागी, पाण्याच्या टाकीला पाठ लावून उभे राहिले आणि काठी समोर रोखली. "तो बघा. अगस्त्य. हाय का?"

मी बघितलं. काठीसमोर हिरवी जाळी लावलेली नवी बिल्डिंग उभी होती. दिवाळीनंतर ती भराभर वर चढली होती. चिमणीसुद्धा तिच्यामागे गेली होती. मला वाटलं, काका गंमत करतायत.

"हां चाचा, एकदम साफ!" मास्टर म्हणाला. मी त्याच्याकडे बघतच राहिले.

"सुलभा, तू लिही," काकांनी रजिस्टर पुढे केलं. "चष्मा खाली राहिला."

चष्मा गेली दोन वर्षं खालीच राहत होता, पण रजिस्टर त्यांनी आज पहिल्यांदाच दुसऱ्याच्या हाती दिलं. मी मोबाइलचा उजेड पाडून पानं उलटली. माहिती देणारा: स्वतः. स्वतः. स्वतः. पानंच्या पानं. मग दोन वर्षांपूर्वी अक्षर एकदम वाकडं झालं, एक ओळ दुसरीवर चढली, आणि त्या रकान्यात फक्त दोन नावं उरली. सलीममास्टर. सुलभा. सुलभा. सलीममास्टर.

अगं बाई, हा माणूस आपल्याला तारे दाखवत नव्हता. आपल्याकडून बघून घेत होता!

"गप्प का? नसला तर न्हाय म्हन," काका म्हणाले. आवाज नेहमीचा नव्हता. मास्टर मला हातानं खुणावत होता, हो म्हण, हो म्हण.

मी गाऊन खोचला आणि टाकीमागची लोखंडी शिडी चढले. एका हातानं पाइप धरून बाहेर झुकले. मास्टर "भाभी, गिरोगी!" म्हणून ओरडला. आणि बिल्डिंगच्या कडेला, अगदी खेटून, तो होता.

"हाय! काका, हाय!"

"खोटी नोंद?"

"न्हाय! देवाशपथ खरी! नव्या बिल्डिंगच्या उजवीकडे, एक बोट!"

काकांनी हळूच विचारलं, "कसा दिसतो गं?" उलटतपासणीशिवाय असं त्यांनी आजवर कधी विचारलं नव्हतं.

"पांढराशुभ्र. जरा लुकलुकतोय."

"लुकलुकायचाच," ते म्हणाले आणि काठीवर दोन्ही हात ठेवून हसले.

मी खाली उतरले, नाव लिहिलं, नवा पत्ता लिहिला.

"वाच," काका म्हणाले. "माहिती देनारा?"

"सुलभा," मी वाचलं.

लिहिलं होतं मात्र, काका पूर्वी लिहायचे तसं, 'स्वतः'.