लांबनाके, बोकडहरवे आणि इतर पूर्वज

मंगळवारी सकाळी नूरझात गाय दोहून घरात आली, तेव्हा सासरेबुवा कॉम्प्युटरसमोर टोपी काढून बसले होते. मोल्दोकुल गुरुजी फक्त झोपताना टोपी काढत. नूरझातच्या हातातली बादली हिंदकळली.

“ऐक,” गुरुजी म्हणाले.

तिनं कान दिला. टक्. टक्. टक्. पडद्यावर काळोख होता आणि खालच्या पेटीतून कुणी आतून दार ठोठावावं तसा आवाज येत होता.

“बाबा, बंद करून परत चालू करूया का?”

“सात वेळा केलं. आत माझे चारशे बारा लोक आहेत, पोरी.”

हे चारशे बारा लोक म्हणजे गुरुजींची वंशावळ. डोंगरातल्या कोचकोर गावच्या शाळेत गुरुजींनी चौतीस वर्षं इतिहास शिकवला, आणि प्रत्येक सुट्टीत घोड्यावर बसून ते कुरणाकुरणातून म्हाताऱ्याकोताऱ्यांना गाठत फिरले. बावीस पिढ्या जमवल्या. नुसती नावं नाहीत. कोण कुठल्या खिंडीत पडला, कुणी कुणाची घोडी पळवली, सगळं साद्यंत. ते सगळं त्या पेटीत होतं आणि रविवारी, गुरुजींच्या पंचाहत्तरीला, दोनशे पाहुण्यांसमोर शाळेच्या सभागृहात भिंतीवर दिसायचं होतं.

तसं वंशावळ दाखवली नाही म्हणून पंचाहत्तरी अडत नाही. पण मध्ये ईशेनकुल होता. हा गुरुजींचा लांबचा चुलतभाऊ. म्हणजे गुरुजींच्या मते चुलतभाऊ. गेल्या वर्षी ईशेनकुलनं स्वतःची वंशावळ छापून घेतली, लाल कापडी बांधणी, वर सोनेरी अक्षरं, आणि तिच्यात एकशे चौदाव्या पानावर लिहिलं की मोल्दोकुलचे आजोबा हे आपल्या आजोबांचे सख्खे भाऊ नव्हतेच. ते कुठूनसे पाहुणे म्हणून आले आणि राहिले. गुरुजींनी ते पान वाचलं आणि तीन दिवस भाकरी गिळली नाही. “रविवारी येऊ दे त्याला,” ते तेव्हापासून म्हणत होते. “आठ म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेला पुरावा आहे माझ्याकडे. भिंतीवर दाखवतो.” त्या आठही म्हाताऱ्या आता मातीत होत्या आणि पुरावा पेटीत टकटकत होता.

“पण तुमच्या वह्या आहेत ना?” नूरझातनं विचारलं.

स्वयंपाकघरातून सासूबाईंचा आवाज आला, “कसल्या वह्या? त्या निळ्या? दोन हिवाळे चूल पेटवली मी त्यांच्यावर.”

“माझ्या वह्या जाळल्यास?” गुरुजी उठून उभे राहिले.

“तुम्हीच म्हणालात! ईशेनसमोर छाती काढून म्हणालात, आता कागद नको, उंदीर खातात, माझे बापजादे विजेवर चालतात म्हणून! मला वाटलं, नको तर नको. चांगल्या पेटायच्या हो, बाकी.”

गुरुजी परत बसले.

तेवढ्यात नूरझातचा नवरा एर्किन आत आला. एर्किन बिश्केकच्या रस्त्यावर प्रवासी गाडी चालवतो, आणि गाडी बंद पडली की तो तिला आधी थोपटतो, मग लाथ घालतो. त्यानं पेटीवर थाप मारली. आवाज टक्-टक् होता तो टकटकटक झाला.

“मारू नकोस रे, आजोबा आहेत त्यात!” गुरुजी ओरडले.

“बाबा, आमच्या गाडीत एक पॅसेंजर म्हणत होता, डिस्क फ्रीजरमध्ये ठेवली की बरी होते.”

“कोण पॅसेंजर?”

“दातांचा डॉक्टर होता.”

उंटावरच्या शहाण्यांचा कुठे तोटा असतो? पण बुडत्याला काडीचा आधार. पेटी उघडून डिस्क बाहेर काढली, पिशवीत घातली आणि फ्रीजरमध्ये जागा नव्हती म्हणून रविवारच्या मेजवानीसाठी आतड्यात लसूण-मीठ घालून भरून ठेवलेल्या घोड्याच्या मांसाच्या कांड्यांमध्ये खुपसली. बावीस पिढ्या एक रात्रभर लसणात मुरल्या. बुधवारी बाहेर काढून पुन्हा जोडली तर डिस्क टकटकतही नव्हती. नुसती कण्हत होती.

मग बाजारातल्या मेदेरला बोलावणं गेलं. मेदेर चाळिशीचा, सुटलेल्या पोटाचा, मोबाइलपासून मिक्सरपर्यंत सगळं दुरुस्त करणारा. डिस्क दुकानावर पाठवा म्हणाला. गुरुजी म्हणाले, माझे पूर्वज बाजारात जाणार नाहीत, तू ये. तो आला. आता आलेल्या माणसाला चहा, लोणी, बोरसोक म्हणजे तळलेले पिठाचे गोळे, आणि मटण वाढल्याशिवाय कामाचं विचारणं म्हणजे घराण्याची अब्रू घालवणं. त्यात दुपारचे तीन वाजले. मेदेरनं हात पुसले आणि डिस्ककडे हात केला, तोच गुरुजींनी ती मागे ओढली.

“तुझे सात बाप सांग.”

“काय?”

“सात पिढ्या. नावं सांग.”

मेदेरनं घसा साफ केला. वडील सांगितले, आजोबा सांगितले, अडखळत पाचव्यापर्यंत गेला आणि तिथेच त्याचं गाडं रुतलं.

“पाचच?” गुरुजींचा आवाज चढला. “ज्याला स्वतःचे सात सांभाळता येत नाहीत, त्याच्या हाती मी माझे बावीस देऊ?”

“गुरुजी, मला स्क्रूड्रायव्हर धरता येतो. तुम्ही बापजाद्यांचं काय घेऊन बसलात?”

“तेच घेऊन बसलोय चाळीस वर्षं!”

नूरझातनं कपाळाला हात लावला. चार दिवसांतला एक असा गेला. शेवटी मेदेरनं तालासच्या काकांना फोन लावला, काकांनी त्यांच्या थोरल्या बहिणीला लावला, आणि पाऊण तासानं सहावा आणि सातवा मिळाला. ती दोन नावं ऐकताच गुरुजींचे डोळे लुकलुकले. डोळे मिटून त्यांनी मेदेरचा आठवा, नववा आणि दहावा बाप स्वतःच सांगून टाकला, आणि दहाव्यानं कुठल्या लढाईत एक डोळा गमावला तेही.

मेदेरनं दोन्ही हात पुढे केले. मग म्हणाला, “हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. द्या ती डिस्क. गेली तर माझा जीव गेला समजा.”

त्यानं पिशवी उघडून नाक मुरडलं. “पण गुरुजी, तुमच्या पूर्वजांना लसणाचा वास येतोय.”

गुरुवारचा दिवस आणि शुक्रवारची सकाळ मेदेर ओसरीत ठाण मांडून बसला. आपल्या यंत्राला डिस्क जोडून तो तिच्यातून थेंब थेंब काढत होता, आणि सासूबाई तासातासाला त्याला जेवायला घालत होत्या. डिस्क मध्येच श्वास सोडायची, तो पंखा लावून तिला वारा घालायचा. शुक्रवारी अकरा वाजता ती कायमची थांबली. गुरुजींनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले, मयतासाठी प्रार्थना करून फिरवतात तसे.

“काय आलं हाती?”

“एर्किनच्या लग्नाचे फोटो आले. त्याचे मारामारीचे सिनेमे आले. सगळेच्या सगळे आले.”

“आणि वंशावळ?”

मेदेरनं मान खाली घातली. “फाइल मिळाली, पण आत नुसत्या चौकटी आहेत. एक अक्षर नाही. म्हणजे... दुसरं एक मिळालंय. कुणीतरी कधीतरी पुसून टाकलेलं. माणसानं पुसलेलं यंत्र इमानानं जपतं, ठेवलेलं तेवढं घालवतं. यात माणसं चारशे बाराच आहेत. पण नावं जरा...” त्यानं पडद्याकडे पाहून वाचलं, “‘लांबनाके. त्यांना मुलगे तीन: बोकडहरवे, तीन लग्नांवाले आणि सासूला घाबरणारे.’”

नूरझातच्या हातातली किटली खाली ठेवली गेली. तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

गोष्ट साधी होती. गुरुजींना टंकलेखन येत नव्हतं, म्हणून नऊ हिवाळे ते सांगत गेले आणि सून लिहीत गेली. पण चांगल्या घरातली सून सासरच्या वडीलधाऱ्यांची नावं तोंडावर आणत नाही. हातावर तरी कशी आणणार? म्हणून ती नावाची जागा रिकामी सोडायची आणि गुरुजी मागाहून एका बोटानं, एकेक अक्षर शोधत, तिथे नाव घालायचे. आता चारशे बारा रिकाम्या जागांमध्ये कोण कुठला हे नूरझातच्या लक्षात कसं राहणार? म्हणून आधी तिनं आपल्यापुरती टोपणनावं घातली, ज्याची जी गोष्ट ऐकली त्यावरून. मग ती काढून जागा रिकाम्या केल्या आणि तो कच्चा मसुदा गुपचूप पुसून टाकला. निदान तिला तसं वाटलं होतं.

“हे कुणी लिहिलं?” गुरुजींनी विचारलं.

“मी, बाबा.”

गुरुजींनी चष्मा लावला आणि मेदेरला खुर्चीवरून उठवलं. दुपारभर ते पडद्यासमोर बसले. नूरझात स्वयंपाकघरात कणीक मळत राहिली, मळून झालेली परत मळत राहिली. अठरा वर्षांत सासरे तिला एक उणा शब्द बोलले नव्हते; आज बोलतील आणि आपल्याला तो ऐकून घ्यावाच लागेल, असं तिला वाटत होतं. पूर्वजांना लांबनाके म्हणणारी सून कोणत्या घरानं सहन केली असती?

संध्याकाळी बाहेरून खोकल्यासारखा आवाज आला. मग पुन्हा आला. ती धावत गेली. गुरुजी रडताहेत असं तिला वाटलं, आणि डोळ्यांत पाणी होतंही, पण ते हसत होते.

“बोकडहरवे! अगं, त्यानं बोकड हरवला म्हणून अख्खी टोळी डोंगर ओलांडून इकडे आली. तेच तर आमच्या इथं येण्याचं कारण! मी तीन पानं लिहिली त्यावर. तू एका शब्दात काढलंस.”

“माफ करा, बाबा.”

“माफी राहू दे. यातले निम्मे कोण, ते मला आठवतं. निम्मे नाही आठवत. तुला नावं ठाऊक?”

“कधी लिहिलीच नाहीत, म्हणून लक्षातही राहिली नाहीत.”

गुरुजींनी दाढी कुरवाळली. मग म्हणाले, “रविवारी तू वाच. सगळ्यांसमोर.”

“मी? सून? दोनशे लोकांपुढे?”

“का? नाव घ्यायचं नाही एवढाच नियम ना? यात एकही नाव नाही. मग अडचण काय?”

या तर्काला कोचकोरात आजवर कुणाला उत्तर सापडलेलं नाही.

रविवारी सभागृह खच्चून भरलं. ईशेनकुल पुढच्या रांगेत बसला होता, आणि येताना त्यानं लाल पुस्तकाच्या वीस प्रती आणून टेबलांवर मांडल्या होत्या. गुरुजींच्या पंचाहत्तरीला, गुरुजींच्याच नाकावर टिच्चून. मेदेर यंत्रापाशी बसला. नूरझात भिंतीजवळ जाऊन उभी राहिली.

“यंत्रानं नावं खाल्ली,” गुरुजींनी उठून सरळ सांगितलं. “गोष्टी उरल्यात. नावं तुम्ही द्यायची.”

ईशेनकुल आपल्या पुस्तकाच्या सोनेरी अक्षरांवरून बोट फिरवून हसला.

नूरझातनं वाचायला सुरुवात केली. लांबनाके म्हणताच सभागृहात हशा पिकला आणि मागून एक म्हातारा ओरडला, “अहो, हा तर आमचा झानिबेक! हे बघा नाक, अजून चालू आहे!” त्यानं स्वतःचं नाक दाखवलं. मेदेरनं नाव घातलं. बोकडहरवे म्हटल्यावर तर चार घराणी एकदम उठली, कारण तो बोकड प्रत्येकाला आपल्याच पूर्वजाचा हवा होता. सासूला घाबरणाऱ्यांना त्यांच्या पणतूनं ओळखलं आणि त्याच्या बायकोनं टाळी दिली. जेवण निवत होतं, कुणाचं लक्ष नव्हतं. नूरझातचा आवाज मोकळा झाला होता. आपण चोरून, लाजून, चुलीपाशी बसून लिहिलेलं हे सगळं जिवंत होतं, हे तिला पहिल्यांदाच कळत होतं, आणि तिची मान आपोआप ताठ झाली. टेबलांवरची लाल पुस्तकं कुणी उघडली नाहीत. एका बाईनं त्यांच्यातल्या एकावर गरम किटली ठेवली.

“आणि हे,” नूरझात म्हणाली, “झोपेत गाणारे.”

“अरे!” ईशेनकुल बोरसोक चावता चावता मोठ्यानं हसला. “ही गोष्ट आमचे आजोबा सांगायचे! लहानपणी एकाच कातड्याखाली झोपायचे दोघं. हा मध्यरात्री गायला लागायचा, आजोबा लाथ घालायचे, आणि आई उठून दोघांनाही बदडायची!”

सगळ्या माना ईशेनकुलकडे वळल्या. झोपेत गाणारे म्हणजे गुरुजींचे आजोबा, हे तिथल्या निम्म्या लोकांना ठाऊक होतं. ते रोज रात्री गायचे आणि कुटुंबात सगळ्यांनाच त्याचा त्रास होता.

गुरुजी हळूच म्हणाले, “कुणाची आई, ईशेन?”

ईशेनकुलनं चावणं थांबवलं. त्याची नजर लाल पुस्तकाकडे गेली, मग गुरुजींकडे.

“दोघांची,” तो पुटपुटला.

“मागे ऐकू आलं नाही.”

“दोघांची! दोघांचीच! एकच आई होती!” ईशेनकुल ओरडला आणि मग काय करावं हे न सुचून उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि म्हाताऱ्या भावाच्या गळ्यात पडला. गुरुजींनी त्याच्या पाठीवर थोपटलं. मेदेर यंत्रापाशी नाक पुसत होता.

सोमवारी सकाळी नव्या पेटीत गुरुजींचं स्वतःचं सोडून चारशे बारांतली सगळी नावं बसली होती, आणि गुरुजींच्या हुकमानं सात घरांत सात प्रती गेल्या होत्या, त्यातली एक ईशेनकुलकडे. टोपणनावं कुणी काढू दिली नाहीत. ती नावांच्या शेजारीच राहिली. नूरझात शेवटच्या पानाशी आली, तशी घाईनं वर सरकवायला लागली.

“थांब,” गुरुजी म्हणाले. “खाली काय आहे? माझ्या जागी?”

“काही नाही, बाबा.”

“दाखव.”

तिनं मान खाली घालून दाखवलं. तिथे लिहिलं होतं: ‘एका बोटानं चारशे माणसं जागी ठेवणारे.’

गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग खुर्ची पुढे ओढली आणि ते एक बोट वर उचललं. आता आपलं नाव घालणार, असं नूरझातला वाटलं. पण त्यांनी आपल्या ओळीला हात लावला नाही. तिच्याखाली, जिथे बावीस पिढ्यांत एकाही सुनेचं नाव आलेलं नव्हतं, तिथे ते अक्षर अक्षर शोधत लिहू लागले: नू, र, झा, त.

“बाबा,” ती कशीबशी म्हणाली, “आणि टोपणनाव?”

“ते शोधतोय,” गुरुजी म्हणाले. “घाई करू नकोस. मला एकच बोट आहे.”