तारवी खानसाम्याचा पाडाव आणि खतखत्याची फत्ते

श्रीसप्तकोटेश्वराचे पायी मस्तक ठेवून आणि गावच्या राखणदार देवास गाऱ्हाणे घालून ही हकीकत लिहिली. किल्ले घेतल्याच्या, तोफा डागल्याच्या आणि राजे पळाल्याच्या हकीकती पुष्कळांनी लिहून ठेविल्या. परंतु फिरंग्याचा अंमल उठून पस्तीस-चाळीस वर्षे लोटल्यावर डिचोली महालात खतखत्यापायी जी मोहीम जाहली, तिची याद कोणी ठेविली नाही. ती राहून जाऊ नये, याकरिता जैसे घडले तैसे लिहिले. कमीजास्त असेल ते वाचणारांनी मीठ समजून चाखून घ्यावे.

मौजे लाटंबार्से येथे सगुणराव गांवकर म्हणून गृहस्थ होते. त्यांनी सारी उमर दोडामार्ग ते डिचोली बसगाडीची कंडक्टरी केली आणि एका शिट्टीच्या जोरावर तो मुलूख राखिला. घरात मात्र अंमल देवकीबाईसाहेबांचा. सगुणरावांची स्वारी स्वयंपाकघरात गेली तर पाण्याच्या तांब्यापुरती जाई आणि तांब्या घेऊन माघारी येई. बाईंचा स्वभाव करारी, त्यांस खोटे खपत नसे. सगुणराव चोरून विडी ओढून येत आणि ओढली नाही म्हणत, मग बाई नुसत्या त्यांच्या कानांकडे बघत, आणि कान लाल होत, आणि त्या रात्री पानात पेजेवाचून काही पडत नसे. ऐशा देवकीबाई पौष मासी तापाचे निमित्त होऊन वारल्या आणि सगुणरावांचे राज्य बुडाले.

दहाव्या दिवशी व्हाळाच्या काठी पिंड ठेविला. जेवण शेजारच्यांनी रांधिले होते. कावळे आले, पानाकडे पाहिले आणि उडून गेले. उन्हे चढली तरी एकही माघारी येईना, तेव्हा भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडास शिवविला आणि मंडळी घरोघर गेली. सगुणरावांच्या मनास ते फार लागले. बाईंच्या आवडीचे खतखते, म्हणजे डाळीत शिजविलेली कंदमुळांची भाजी, पानावर नव्हते, म्हणून त्या रुसल्या, ऐसे त्यांनी धरिले. मग त्यांनी निश्चय केला की वर्षश्राद्धास खतखते आपल्या हाते रांधावे, कावळ्याकरिता पानावर त्याची वाडी ठेवावी, आणि कावळा यावा तो पंखांचा यावा, दर्भाचा नको. परंतु हाती कसब काय? चहा केला तर तो उतू जाई आणि भात केला तर तो टोपाचा तळ सोडण्यास राजी होईना.

त्या समयी डिचोलीस महिला मंडळाने एकट्या राहिलेल्या पुरुषांची उपासमार जाणून त्यांच्याकरिता रांधपाचा वर्ग काढिला. वर्गाच्या मुख्य सुमंगलाबाई. हात सुगरणीचा, पण स्वभाव भिडस्त, कोणी मोठ्याने बोलले तर त्या हातातले भांडे खाली ठेवीत. बाईंनी आरंभीच सांगितले की रोज एक पदार्थ शिकवू आणि अखेरचे दिवशी खतखते करू. मग सगुणरावांनी पिशवीत भाजीची सुरी आणि अंगपुसणे घालून वर्गात दाखला घेतला. दोडामार्गाकडून खाणीवर ट्रक हाकावयास आलेले महादेव सावंत हेही दाखल जाहले. आणखी चार-दोन शिलेदार होते, ते भूक लागली की येत.

आणि दुसरे दिवशी हळर्णकर गोकुळदास आले.

अंगात पांढरा सदरा, मान ताठ, पोट पुढे. त्यांनी येताच सुमंगलाबाईंच्या आमटीत चमचा घातला, डोळे मिटले आणि जाहीर केले की आपण वीस वर्षे परदेशी तारवावर बडे खानसामे होतो, आपण चाखल्यावाचून कप्तान न्याहारीस हात लावीत नसे, आणि कुठल्याशा मुलखाच्या राणीसाहेब आपल्या हातचे कस्टर्ड खाऊन आपणांस ठेवून घेत होत्या, पण आपणच राहिलो नाही. हे ऐकून वर्ग थक्क जाहला. सुमंगलाबाईंनी हातातली डवली, म्हणजे करवंटीचा डाव, पुढे केली आणि म्हणाल्या, "तुमी जाणकार. तुमीच करा."

झाले. डवली गेली म्हणजे राज्य गेले. त्या दिवसापासून वर्गात पांढऱ्या सॉसाचा अंमल बसला. सोलकढी शिकावयाची त्या दिवशी पांढरा सॉस जाहला. मुगागाठी शिकावयाची त्या दिवशी मुगांवर पांढरा सॉस पडला. पोळ्यांची पाळी आली तेव्हा खानसाम्यांनी फर्माविले की शिपावर पोळी कोणी खात नाही, पाव असतो, आणि पावास सॉस लाविला. महादेव सावंत घरी गेले आणि त्यांच्या मांजराने त्यांचा डबा हुंगून पाठ फिरविली, ही गोष्ट साऱ्या डिचोलीत जाहीर आहे.

तरी सगुणराव सोसून राहिले, की अखेरचे दिवशी खतखते आहे. पण वर्ग संपत आला तेव्हा गोकुळदासांचा हुकूम सुटला की कंदमुळे उकडून खाणे हे राजेरजवाड्यांस शोभत नाही, अखेरचे दिवशी मॅकरोनी होईल. सगुणरावांनी उठून अर्ज केला की माझ्या बायकोचे वर्षश्राद्ध जवळ आले आहे, मला खतखते शिकणे जरूर आहे. त्यावर खानसामे हसले आणि बोलिले की मॅकरोनी शिकलात तर कावळा टाय बांधून येईल. वर्ग हसला. सगुणराव हसले नाहीत. ते खाली बसले आणि रताळ्याची साल काढीत राहिले, ती इतकी काढिली की रताळे उरले नाही.

त्या रात्री त्यांना झोप आली नाही. गनिमाचे तोंड कुठे तरी पाहिले आहे, ऐसे त्यांस राहून राहून वाटे. आणि पहाटे चुलीपाशी बसले असता एकाएकी आठवले. त्यांच्या बसगाडीत पुढच्या बाकावर एक गृहस्थ नेहमी बसे, मुठीत लिंबू घट्ट धरी, आणि प्रत्येक वळणावर लिंबू हुंगून देवाचे नाव घेई. कंडक्टर माणसाचे तिकीट विसरेल, ओकणाऱ्याचे तोंड विसरत नाही. तो लिंबूवाला म्हणजेच हा खानसामा. मग सगुणरावांनी मनाशी विचार केला की ज्यास दोडामार्गाचा रस्ता सोसत नाही, त्याने वीस वर्षे दर्या कैसा सोसला?

मसलत ठरली. दुसरे दिवशी त्यांनी वर्गात सुचविले की अखेरच्या पंगतीआधी सर्वांनी नार्व्यास देवदर्शनास जावे, आणि तसेच फेरीबोटीने पलीकडे दिवाडी बेटावर उतरून भाजी बघून यावे. सुमंगलाबाईंस हे फार आवडले. गोकुळदासांचा चेहरा अंमळ उतरला. पण तारवावरचा माणूस फेरीबोटीस नाही कैसे म्हणेल?

दर्शन यथासांग जाहले. मग फौज धक्क्यावर आली. नार्वे ते दिवाडी हे अंतर ऐसे की या काठावरून हाक मारली तर त्या काठावरची म्हैस मान वर करते. बोट सुटली. गोकुळदासांनी कठडा धरिला. मांडवीचे पाणी तेव्हा निजलेल्या पोराप्रमाणे शांत होते, परंतु खानसाम्यांचे तोंड प्रथम पिवळे, मग हिरवे जाहले, आणि मुठीतले लिंबू निसटून पाण्यात पडले, आणि त्यामागे सकाळची न्याहारीही गेली.

महादेव सावंत बाजूस उभे होते. ते म्हणाले, "काय रे गोकुळदासा, सात समुद्र ओलांडलंस आणि मांडवीक हरलंस?"

खानसामे कसेबसे बोलिले की सकाळची भाजी बिघडली होती. सुमंगलाबाईंस ते खरे वाटले आणि त्यांनी पाणी आणविले. मंडळी भाजी बघावयास गेली. मागे काठावरच्या माडाखाली दोघेच राहिले, सगुणराव आणि गोकुळदास.

येथे गनीम पुरा वेढ्यात सापडला, कारण दिवाडी हे बेट, आणि परतीची वाट ती फेरीबोटीचीच. गोकुळदासांनी पाण्याकडे पाहिले आणि डोळे मिटून घेतले. मग सगुणराव एवढेच बोलिले, "माझ्या गाडीत पुढच्या बाकार बसा होतंस. लिंबू घेऊन."

गोकुळदासांनी डोळे उघडले. मग त्यांनी सारे सांगितले. वास्कोच्या बंदरावर तारवांना कांदेबटाटे पुरविणारे एक दुकान होते, तेथे ते पोती मोजीत. तारवावर एकदाही चढले नाहीत, शिडी हलत होती म्हणून. लग्न जाहले नाही. वर्गात आले त्या दिवशी जो तो आपल्या गेलेल्या बायकोच्या हातचे काय काय बोलत होता आणि आपणांपाशी बोलावयास काही नव्हते, म्हणून तोंडातून तारू निघाले, आणि मग ते थांबेना.

सगुणरावांचा राग येथे निम्मा उतरला. निम्मा राहिला, कारण मॅकरोनी अजून रद्द जाहली नव्हती. मग माडाखाली तह जाहला तो ऐसा की गोकुळदासांनी डवली सुमंगलाबाईंस परत करावी आणि खतखत्यास हरकत घेऊ नये, आणि श्राद्धाचे दिवशी लाटंबार्श्यास येऊन अडाळीवर, म्हणजे खोबरे किसण्याच्या विळीवर, बसून नारळ किसावे, आणि याबद्दल सगुणरावांनी त्यांस सुखरूप पलीकडे न्यावे आणि ही गोष्ट जिवंत असेतो कोणाजवळ काढू नये. सगुणरावांनी देवकीबाईंची शपथ घेतली. मग परतीच्या बोटीत त्यांनी खानसाम्यास लवंग चघळावयास दिली, मान धरून पलीकडच्या काठाकडे बघावयास लाविले, आणि ते नीट पार जाहले.

अखेरचे दिवशी गोकुळदासांनी भर वर्गात जाहीर केले की तारवावरच्या पंगतीतही अखेरीस खतखतेच असे. ही आणखी एक थाप जाहली, पण उपकाराची होती, म्हणून सगुणरावांनी तिजकडे कानाडोळा केला. सुमंगलाबाईंनी डवली हाती घेतली आणि त्यांचा आवाज एकदम मोठा जाहला. सुरण, कणंगांचे कंद, निरफणस, भोपळा आणि कच्ची केळी ऐसे सरदार तुरीच्या डाळीत उतरले, मागाहून खोबऱ्याची कुमक आली आणि सर्वांवर तिरफळांनी निशाण लाविले. सगुणरावांनी प्रत्येक गोष्ट दोनदा विचारिली आणि बाईंनी दोनदा सांगितली.

श्राद्धाचा दिवस उजाडला. सावंतवाडीस दिलेली लेक शालिनी आली होती. सुमंगलाबाई आणि महादेवही आले. शालिनीने पदर खोचला तेव्हा सगुणरावांनी तिला चुलीपाशी येऊ दिले नाही. गोकुळदास अडाळीवर बसून नारळ किसत होते आणि घामाने भिजले होते. खतखते जाहले. केळीच्या पानावर वाडी वाढिली आणि विहिरीच्या कठड्यावर ठेविली, आणि सारे हात जोडून उभे राहिले.

कावळा फणसावर येऊन बसला. बसला तो बसलाच.

भटजींनी सांगितले की जाणारीची काही इच्छा राहिली असेल तर शब्द द्या. शालिनी म्हणाली, "आये, बाबांचा मी बघतंय. तू काळजी करू नको." कावळ्याने चोच फांदीस घासली. मग सगुणराव पुढे जाहले आणि त्यांनी कबूल केले की दाबाच्या गोळ्या रोज घेईन, न्हाणीघराचे दार दुरुस्त करीन, विडी सोडीन. विडीचे नाव निघताच कावळ्याने मान वाकडी करून त्यांच्या कानांकडे पाहिले. पण खाली आला नाही. उन्हे चढू लागली. भटजी दर्भ शोधू लागले.

महादेव सावंत पुटपुटले, "वैनीक खोटां खपा नाय. कोणीतरी हंय खोटां घेऊन उभो आसा."

हे ऐकून सगुणरावांनी चोरून गोकुळदासांकडे पाहिले. खोटे कोणते, हे त्यांस ठाऊक होते. एक वाक्य बोलिले तर कावळा उतरेल, ऐसे त्यांस खात्रीने वाटले. वर्षभर याच एका घटकेची वाट पाहिली होती. परंतु माडाखाली देवकीबाईंचीच शपथ घेतली होती. मग त्यांनी ओठ मिटले, डोळे भरून कावळ्याकडे पाहिले, आणि भटजींस हाताने खूण केली की दर्भ घ्या.

तेव्हा मागून गोकुळदास पुढे आले. हातांस खोबरे लागलेले. ते कठड्यापाशी जाऊन कावळ्यास बोलिले, "वैनी, मी शिपार कधी चढूक नाय. वास्कोक कांद्यांची पोती मोजी होतंय. राणी नाय, कप्तान नाय. ह्यो सगळो खोटेपणा माझो. सगुणाक ठावक होता, पण तो शब्दाक जागलो. त्याचो राग धरू नको."

सर्वांच्या माना फणसाकडे वळल्या. आणि कावळा फणसावरून उठला आणि नीट वाडीवर येऊन बसला, आणि त्याने पहिली चोच खतखत्यात घातली, ती सुरणाच्या फोडीवर. सगुणराव अंगपुसण्यात तोंड घालून रडले. शालिनी त्यांच्या पाठीवर हात फिरवीत राहिली. सुमंगलाबाईंनी गोकुळदासांकडे पाहिले. त्या रागावणार ऐसे सर्वांस वाटले. परंतु त्या म्हणाल्या, "नारळ मात्र बारीक किसलास हां तू."

ऐसी फत्ते जाहली. गोकुळदासांचे खानसामेपण त्या दिवशी खालसा जाहले आणि त्याच्या मोबदल्यात त्यांस लाटंबार्श्याची अडाळी कायम बहाल जाहली. रविवारी ते येतात, नारळ किसतात, सगुणराव रांधतात आणि महादेव सावंत जेवून नावे ठेवतात. बसमध्ये गोकुळदासांकरिता पुढचे बाक राखलेले असते.

एक बाब नोंदीची राहिली. वाडी वाढिली तेव्हा पानाच्या कोपऱ्यात कोणास न कळत गोकुळदासांनी एक चमचा पांढरा सॉस ठेविला होता. कावळ्याने खतखते खाल्ले, भात खाल्ला, वडा उचलून नेला. मग आणखी दोन कावळे आले, मुंग्या आल्या, संध्याकाळी शेजारच्यांचे कुत्रे आले. दिवेलागणीस सगुणराव पान काढावयास गेले तेव्हा सारे पान पुसल्यासारखे स्वच्छ होते. सॉस तेवढा जागच्या जागी होता. सगुणराव तो पाहून देवकीबाई गेल्यानंतर प्रथमच मोठ्याने हसले, आणि मग विडीचा शब्द आठवून, कान तापले तर नाहीत ना म्हणून, सवयीने त्यांस हात लावून पाहिला. हकीकत समाप्त.