नोटिशीच्या पगाराचं गाऱ्हाणं

नोकरी गेली त्या दिवशी मी मालकांनी दिलेला चहा प्यालो, ही माझी पहिली चूक. आचऱ्याजवळच्या आमच्या काजूच्या कारखान्यात मी एकटाच कारकून. मालक भाईशेट. त्या वर्षी काजूबी महागली, निम्म्या भट्ट्या बंद झाल्या आणि भाईशेटांनी मला खोलीत बोलावून चहा मागवला. (बारा वर्षांत पहिल्यांदाच. तेव्हाच ओळखायला हवं होतं.)

"विश्राम, उद्यापास्ना कामावर येव नको," ते म्हणाले.

मी चाचरत नोटिशीचं विचारलं.

"तू घरचोच माणूस. घरच्या माणसाक नोटीस ती कसली?"

हे ऐकून मला भरून आलं. मी त्यांना नमस्कार करून घरी आलो. किती मायेने मला काढलं ते मी बायकोला, दुर्गाला, सांगितलं, तेव्हा तिने भाकरी थापता थापता माझ्याकडे असं पाहिलं की ती माया तिथेच आटली. घरातले तांदूळ दिवाळीपर्यंत पुरतील, ती म्हणाली. पुढे काय खायचं ते माझं मी बघावं.

दुसऱ्या दिवशी एसटीने ओरोसला गेलो. कामगार कचेरीतले साहेब फार सज्जन. महिनाभराची नोटीस किंवा महिन्याचा पगार, शिवाय नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, हा तुमचा हक्कच आहे, असं त्यांनी शुद्ध भाषेत सांगितलं. ऐकताना आपण कोणीतरी मोठे आहोत असं मला वाटू लागलं. मग त्यांनी नेमणूकपत्र मागितलं. कारखान्यातली सगळी नेमणूकपत्रं मीच टाइप केली होती. माझं तेवढं राहून गेलं होतं. साहेबांनी चष्मा काढून पुसला. दावा करता येईल, पण वेळ लागेल, म्हणाले. किती, ते सांगितलं नाही. माझ्या पिकलेल्या केसांकडे मात्र पाहिलं.

"कोर्टात भाईशेट कायय बोलतले," घरी परतल्यावर दुर्गा म्हणाली. "देवळात तसा बोलूचे नाय."

आमच्याकडे गाऱ्हाणं घालतात. गुरव देवासमोर उभा राहून आपलं म्हणणं मोठ्याने सांगतो आणि प्रत्येक वाक्याला जमलेला गाव "व्हय म्हाराजा" म्हणतो. देवासमोर व्हय म्हटलेलं मागे घ्यायची कोणाची छाती नाही. दसऱ्याला भाईशेट मानकरी म्हणून सगळ्यांच्या पुढे उभे असणार होते. बाबली गुरवाला काय सांगायचं ते मी दुर्गाकडून पाठ करून घेतलं आणि नारळ देऊन तिलाच पाठवलं. (मला संकोच वाटत होता.)

दसऱ्याला देऊळ भरलेलं. बाबलीने आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा, ह्या विश्रामाची नोकरी गेली. तेका महिन्याच्या नोटिशीचो पगार मिळांदे."

"व्हय म्हाराजा," गाव म्हणाला. भाईशेटांचे ओठ नुसते हलले. शेजारच्या मानकऱ्याने वळून पाहिलं, तसे ते ऐकू जाईल असं व्हय म्हणाले.

"वर्सामागे पंदरा दिसांचो पगार भाईशेटच्या हातातसून सुटांदे."

"व्हय म्हाराजा." या वेळी गाव जोरात. भाईशेट घामाघूम. कायद्याचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. डोळे मिटून मीही गावात आवाज मिसळला.

"आणि ते पैशे तेच्या बायलेच्या हातात पडांदेत. तेका येवार कळणा नाय, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा."

डोळे उघडले तर सगळे माझ्याकडे पाहत होते. सर्वांत मोठा आवाज माझाच लागला होता. मला व्यवहार कळत नाही, हे वाक्य काही मी दुर्गाकडून पाठ करून घेतलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाईशेट आमच्या घरी आले. मी हात पुढे केला. ते मला वळसा घालून दुर्गापाशी गेले आणि पैसे तिच्या हातात ठेवले. तिने ते मोजायला मात्र माझ्याकडेच दिले. (शेवटी कारकून मीच.) बरोबर भरल्यावर परत घेतले.