शेवटच्या उड्डाणाचं दार

जनता चित्रमंदिरात ‘शेवटचं उड्डाण’चं यान मी “दार लाव” म्हटल्याशिवाय उडत नाही, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे, तरी ते मीच लिहून द्यावं असं हर्डीकर बाईंचं म्हणणं. बाई वाचनालय चालवतात आणि टॉकीजला पन्नास वर्षं झाली म्हणून स्मरणिका काढतायत. मी सांगितलं, मी चौथी नापास माणूस, जन्मभर पिठाची गिरणी चालवली, मला लिहायला लावू नका. तर बाई तीन वेळा घरी आल्या आणि तिन्ही वेळा चहा पिऊन गेल्या. चौथ्यांदा येऊ नयेत म्हणून लिहितो.

नाव ‘शेवटचं उड्डाण’ आणि भाग निघाले सात. असं का, ते मला विचारू नका. मी कप्तानाला विचारलं होतं. तो म्हणाला, नाव वरून ठरून येतं.

पहिला भाग लागला तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांचा होतो. दुपारचा खेळ, खुर्ची क-अकरा. पडद्यावर कप्तान यानात बसला, बटणं दाबली, खाली धूर निघाला, आणि मागचं दार सताड उघडं. आमच्याकडे पिक्चर बघताना गप्प बसायची पद्धत नाही. मी ओरडलो, “अरे आधी दार लाव की, मग उड.” कप्तानानं मागं वळून बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, उठला आणि दार लावलं. मग खिशातून वही काढली आणि माझं नाव विचारलं. मी सांगितलं, दत्तोबा ढेंबरे. त्यानं लिहून घेतलं. त्या दिवसापासून दार माझ्याकडे.

माझं बघून बाकीचेही बोलले आणि ज्यानं जे सांगितलं ते त्याच्याकडे गेलं. शाळेतले कुलथे गुरुजी माझ्या शेजारी क-बारावर होते. ते म्हणाले, इंधन बघून घ्या. इंधन त्यांच्याकडे गेलं. यान सुटायच्या आधी कप्तान हजेरी घ्यायचा. “इंधन?” गुरुजी मान डोलवायचे. “दार?” मी म्हणायचो, लाव. मग यान उडायचं. मुंबईला कसं उडायचं मला माहीत नाही. तिथं वेगळी माणसं असतील.

रजा लागली तर अर्ज द्यावा लागे. अर्ज प्रोजेक्टरसमोर काचेत धरायचा, म्हणजे तो पडद्यावर पडतो आणि कप्तान वाचतो. मॅनेजर पीरजाद्यांनी माझा पहिला अर्ज उलटा धरला, तो ‘अवाच्य’ असा शेरा मारून परत आला. माझं लग्न दुसऱ्या भागाच्या दिवशीच निघालं. कप्तानानं अकरा मिनिटं यान थांबवून धरलं. मी मुंडावळ्यांसकट गेलो, दार लावून घेतलं आणि परत येऊन सप्तपदीला उभा राहिलो. बायको, शेवंता, अजून म्हणते, “आभाळातली दारं लावता, घराचं कधी लावलंत? परवा पुन्हा शेळी आत आली.” तिचं खरं आहे. पण घराच्या दाराची नेमणूक माझ्या नावावर नाही.

आता टॉवेलचा नियम सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. एखाद्याला मध्येच उठावं लागलं तर त्यानं खुर्चीवर टॉवेल टाकून जायचं. आमच्याकडे एसटीत, पंगतीत, दवाखान्यात अशीच जागा धरतात. खुर्चीवर टॉवेल दिसला की कप्तान थांबतो. टॉवेल टाकलेल्या जागेवर दुसऱ्यानं बसायचं नाही. हा नियम कप्तानानं आमच्याकडून घेतला आणि वहीत लिहिला.

सहाव्या भागाला मी पासष्ट वर्षांचा होतो आणि साखर लागली होती. यान एका लाल ग्रहावर थांबलं होतं, तिथून पुन्हा सुटायचं होतं, आणि मला लघवीला लागली. मी टॉवेल टाकला आणि गुरुजींना म्हणालो, जागेवर लक्ष ठेवा. त्यांनी मान डोलवली. गुरुजी कशालाही मान डोलवतात. बत्तीस वर्षं शाळाखात्यात काढली, साहेब काय म्हणेल त्याला मान डोलवून, ती आता थांबत नाही.

मी गेल्यावर गुरुजींनी काय केलं, तर माझा टॉवेल उचलला, नीट चौघडी घातली, मांडीवर ठेवला आणि स्वतः क-अकरावर बसले. का, तर त्यांच्या खुर्चीची स्प्रिंग टोचत होती. कप्तानानं इंधन विचारलं, क-बारा रिकामी होती, पण काटा भरलेला दिसत होता. मग त्यानं क-अकराकडे बघून विचारलं, “दार?” गुरुजींनी मान डोलवली. यान उडालं. दार उघडं होतं. यानावरचा आचारी, गंगाधर त्याचं नाव, दाराशी उभा राहून डाळ घोटत होता. तो पळीसकट बाहेर गेला.

मी चेन लावत परत आलो तेव्हा तो खिडकीतून लहान होत चालला होता.

चौकशी लागली. तीन दिवस, अकरा ते एक, पहिल्या खेळाच्या आधी. पडद्यावर कप्तान टोपी घालून बसला, खाली पीरजादे लिहायला बसले. मी सांगितलं, टॉवेल टाकला होता. कप्तान म्हणाला, टॉवेल दिसला नाही, खुर्ची भरलेली दिसली. गुरुजींना विचारलं, तुम्ही टॉवेल उचलला का? त्यांनी मान डोलवली. तुम्ही टॉवेल उचलला नाही का? त्यालाही डोलवली. पीरजाद्यांनी दोन्ही लिहून घेतलं. तिसऱ्या दिवशी गुरुजी एवढंच बोलले की मला नीट आठवत नाही.

निकाल असा लागला की ढेंबरे जागेवर नव्हते, दार त्यांच्याकडून काढून घेण्यात येत आहे, आणि प्रत्यक्ष खुर्चीवर असल्यामुळे ते कुलथे यांच्याकडे देण्यात येत आहे. शिवाय, यापुढे मान डोलवणं धरलं जाणार नाही, तोंडी सांगावं लागेल. मला खांबाआडची ज-चार दिली. तिथून अर्धा पडदा दिसतो.

पुढची नऊ वर्षं गंगाधर फिरत होता. आमच्या टॉकीजला कुठलाही पिक्चर लागला तरी डावीकडून वरच्या कोपऱ्यात यायचा, पळी धरून सावकाश उजवीकडे जायचा. सासू सुनेला घराबाहेर काढतेय आणि वरून गंगाधर चाललाय. लोकांना सवय झाली. बायका म्हणायच्या, आज जरा वाळलेला दिसतो. मी दर शुक्रवारी जायचो. चूक माझी नव्हती, ते मी चौकशीत सांगितलेलं आहे. तरी जायचो. तो दिसला की घरी यायचो, पिक्चर बघायचो नाही. एकदा त्यानं मला बघून पळी हलवली. त्या दिवशी मी जेवलो नाही. शेवंता उठून घराचं दार तेवढं लावून आली.

सातवा भाग लागला तेव्हा पीरजाद्यांनी बाहेर पाटी लावली की यानंतर आठवा भाग नाही. म्हणजे यान या खेळात घरी पोचणार, आणि मग पुन्हा दार उघडणार नाही. गंगाधर आत आला तर आत्ताच, नाहीतर राहिला कायमचा बाहेर. हे सगळ्यांना कळत होतं. टॉकीज गच्च भरलं होतं. शेवंता पहिल्यांदाच आली होती, माझ्या शेजारी ज-पाचवर.

सुरुवातीला गुरुजींनी “लावा” म्हटलं आणि यान उडालं. ते ठीक झालं. मग अर्ध्या वाटेवर गंगाधर खिडकीपाशी आला, अगदी हाताच्या अंतरावर. दाढी छातीपर्यंत, पळी तीच. कप्तानानं यान हळू केलं आणि क-अकराला विचारलं, “दार?”

गुरुजींनी मान डोलवली.

“तोंडी सांगा, कुलथे.”

गुरुजी उभे राहिले. घामाघूम झाले होते. म्हणाले, “माझी नेमणूक दार लावण्यासाठी आहे. उघडण्याबाबत काही लेखी आदेश आहे का?”

कप्तानानं वही चाळली. आदेश नव्हता. गुरुजी म्हणाले की उघडल्यावर दुसरा कोणी बाहेर गेला तर जबाबदारी कोणाची, हे आधी ठरलेलं बरं. आणि खाली बसले. गंगाधर खिडकीवरून पुढं सरकायला लागला होता.

शेवंतानं मला कोपर मारलं. “अहो, बसलाय काय? टॉवेल कुठाय तुमचा?”

माझ्या खांद्यावरच होता. गुडघे धरलेले, तरी मी ज पासून क पर्यंत गेलो आणि टॉवेल टाकला. खुर्चीत गुरुजी होते, तो त्यांच्या डोक्यावर पडला. कप्तानानं बघितलं. क-अकरावर टॉवेल. त्यानं यान जागच्या जागी थांबवलं. गंगाधरही थांबला, कारण तोही यानाच्या हजेरीत होता.

“गुरुजी, उठा,” मी म्हणालो. “जागा धरलेली आहे.”

ते टॉवेलखालून म्हणाले, “पण मी आधीपासून बसलोय, दत्तोबा.”

“एसटीत चालेल का हे?”

त्यांनी थोडा विचार केला. मग उठले. काही झालं तरी टॉवेलचा नियम माणूस मोडत नाही, दुसऱ्यांदा तर नाहीच. मी बसलो. खुर्ची तशीच होती, डावा हात ढिला. कप्तानानं माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षांत तोही म्हातारा झाला होता.

“ढेंबरे. दार?”

मी म्हणालो, “उघड. सावकाश. सगळं नको, माणूस येईल एवढंच. गंगाधर, आधी पळी दे आत. हां. आता पाय. आला का पुरा? लाव.”

कप्तानानं दार लावलं. गंगाधर यानात उभा राहिला, अंगावरचं बर्फ झटकलं आणि पहिला प्रश्न विचारला, “डाळ उतरवली का कोणी?” कोणी उतरवली नव्हती. नऊ वर्षं चुलीवर होती. तो पातेलं घासायला बसला आणि यान घरी पोचेपर्यंत घासत होता.

यान उतरल्यावर गंगाधरानं खरं काय ते सांगितलं. त्यानं जाता जाता सगळं बघितलं होतं, टॉवेलच्या घडीसकट. कप्तानानं जुना निकाल खोडला, वहीत ‘ढेंबरे हजर’ असं लिहिलं, टोपी काढली आणि माझी माफी मागितली. गंगाधरानं पळी हलवल्याबद्दल मागितली. पीरजाद्यांनी अर्ज उलटा धरल्याबद्दल मागितली, ते मी विसरलो होतो. शेवंतानं मागितली नाही, पण तिचा संबंध नाही.

यान आता पडद्यावरच उभं असतं, दुसरा पिक्चर नसेल तेव्हा. संध्याकाळी मी जाऊन “लाव” म्हणतो आणि घरी येतो. आता घराचंही लावतो.

कुलथे गुरुजी रोज टॉकीजच्या दाराशी भेटतात. मी रोज विचारतो, चुकलं ना तुमचं? ते मान डोलवतात. पण मान डोलवणं धरलं जात नाही, हा नियम आहे, तोंडी पाहिजे. बाईंनी हे जसंच्या तसं छापावं, आणि त्यांना वाचायला द्यावं: वामन विष्णू कुलथे, निवृत्त शिक्षक, खुर्ची क-बारा.