ताशी अठ्ठावीस किलोमीटर

नाताळच्या सुट्टीत श्रेयस पुण्याहून चार दिवसांसाठी येणार होता. तीन वर्षांनी. म्हणून आदल्या सकाळी विजयाबाईंनी त्याच्या आवडीच्या कोहळ्याच्या वड्या गच्चीवर वाळत घातल्या. त्याआधी नवऱ्याला विचारून घेतलं. अच्युतराव एकतीस वर्षं वेधशाळेत पाऊसवारा मोजून निवृत्त झाले होते.

"आभाळ साफ राहीन," ते म्हणाले.

अकरा वाजता पाऊस सुरू झाला.

वड्या खाली आल्या आणि श्रेयसच्या खोलीत, श्रेयसच्या पलंगावर पसरल्या. पंखा लावला, तर वीज गेली. रायपूर नव्या छत्तीसगडची राजधानी होऊन दोन महिने होत आले होते. भोपाळहून बदलून आलेले कारकून खोलीसाठी त्यांच्या बुढापारा मोहल्ल्यात दारोदार फिरत होते, पण ही खोली विजयाबाईंनी कुणाला दिली नव्हती. मंत्रालयातल्या दिवाकरला मिळाली ती गच्चीवरची, पत्र्याची.

दुपारी दोन खिळ्यांवरचा तो पत्रा वाऱ्याने उचलला. दिवाकर भिजलेली गादी खांद्यावर घेऊन खाली आला.

"काकू, उद्या माझी बायको येऊन राहिली नागपूरहून, कौमुदी. तेवढी श्रेयसची खोली..."

"मग श्रेयस कुठं झोपन? वड्यांवर?"

"हॉलमध्ये, दोनच दिवस..."

"तीन वर्षांनी येऊन राहिला पोट्टा. हॉलमध्ये झोपवू त्याले?"

दिवाकरने गादी व्हरांड्यात टेकवली. तिथेही पाऊस येत होता.

श्रेयसची गाडी संध्याकाळी सुटायची. तीन वाजता विजयाबाईंनी पुण्याला फोन लावला.

"स्वेटर घेऊन ये बरं. इथं लय जोराचा वारा सुटला."

अच्युतरावांनी रिसीव्हर ओढून घेतला. गच्चीवर त्यांचं स्वतःचं वारा मोजायचं चक्र होतं, विजयाबाईंच्या चार स्टीलच्या वाट्यांचं. "काहीही सांगते तुझी आई. ताशी अठ्ठावीस किलोमीटर. त्याले जोराचा नाही म्हणत. पाऊस साडेएकवीस मिलिमीटर."

"बावीस म्हणा न. काय फरक पडते?"

"काहून म्हणू? साडेएकवीस आहे."

तासाभराने श्रेयसचा फोन आला, नेहमीसारखा रायपुरी हिंदीत. "आई, ट्रेन कॅन्सल हो गई. नागपूर के आगे सब बंद है, हवा की वजह से. बाबा बोले थे ना, अट्ठाईस!"

विजयाबाई "बरं बाळा, जप" म्हणाल्या. मग त्यांनी वड्या सुपात भरल्या, पलंग पुसला, धुतलेली चादर घातली आणि व्हरांड्याकडे तोंड करून म्हणाल्या, "दिवाकर, सामान आण आत. श्रेयस येत नाही."

दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. चार वाजता कौमुदी रिक्षातून उतरली.

"कोणत्या गाडीनं आली?" विजयाबाईंनी तिच्या हातातली पिशवी घेत विचारलं.

"पुण्याच्या, काकू. काल संध्याकाळी सुटते न तिथून, तीच. वीस मिनिटं लेट, बस. अन् समोरचा बर्थ पुण्यापासूनच रिकामा होता म्हणे. मस्त पाय पसरून आले!"

अच्युतराव चष्मा पुसायला लागले.

विजयाबाईंनी तिला वड्यांची भाजी वाढली. वड्या नीट वाळल्या नव्हत्या, आंबल्या होत्या. कौमुदीने पुन्हा मागून घेतल्या.

संध्याकाळी शेजारच्या मीराबाईंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "काहून वो विजया, आला नाही पोट्टा?"

"गाडी रद्द झाली न बाई. वाऱ्यानं."

"वाऱ्यानं? एवढासा तर वारा होता! माह्या दोरीवरचा रुमाल नाही उडाला."

अच्युतराव अंगणात बसून गच्चीवरून उतरवलेल्या चक्राच्या वाट्या पुसत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"ताशी ऐंशी होता," ते म्हणाले. "मी स्वतः मोजला."