नव्वद दिवसांचा ठोकळा

घवाळीकाका काँक्रीटला गाल लावून बघतात. मिरजोळ्याच्या एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये काँक्रीटचा ठोकळा साच्यातून निघाला, की काका आधी त्यावर हात फिरवतात, मग डोळे मिटून गाल टेकवतात. मी नवीन होतो तेव्हा मला वाटलं, माणसाची दाढ दुखत असेल. "हाताला घट्टे पडलेत," ते म्हणाले, "गालाला खरं कळतं." गालाला खरखरीत लागलं, तर साचा भरणाऱ्याची खैर नसते.

त्यांचा जीव राखेच्या सिमेंटवर. वीजकेंद्रातली राख मिसळलेलं हे सिमेंट अंगाने गुळगुळीत, पण ताकद सावकाश धरतं; ती पुरती कळते नव्वदाव्या दिवशी. ताकद मोजायला दाबलेला सात दिवसांचा ठोकळा मशीनखाली लवकर फुटला, की ठेकेदार आमच्या उरावर बसतात. काका त्यांना चहा सांगतात आणि म्हणतात, "राखेचा हाय तो. दम धरा." हेच वाक्य ते न शिजलेल्या डाळीला, लग्न न ठरलेल्या पुतण्याला आणि मलाही लावतात. मी गुडघ्याला बाशिंग बांधूनच जन्माला आलेला, त्यामुळे मला त्याचा भयंकर राग यायचा.

तारखेला मात्र काकांकडे माफी नाही. अठ्ठावीस दिवसांचा ठोकळा मी एकदा सत्ताविसाव्या दिवशी फोडला, तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

म्हणूनच, लॅबच्या साहेबांनी ठोकळे भिजत ठेवायची पाण्याची टाकी रिकामी करायला लावली आणि तळाशी एक शेवाळलेला, फोडायचा राहिलेला ठोकळा सापडला, तेव्हा काकांचीच तारीख चुकलेली बघून मला आनंदच झाला. त्यावर तीन वर्षांपूर्वीची तारीख कोरलेली होती, खाली 'नव्वद दिवस'. सापडला चोर, असं म्हणत मी तो मशीनमध्ये ठेवला आणि काकांना हाक मारली.

काकांना मी त्या दिवशी पहिल्यांदा धावताना पाहिलं. त्यांनी ठोकळा बाहेर काढला आणि आपल्या शर्टाने पुसला. तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं, की ते अक्षर काकांचं नव्हतं.

ते काकूंचं होतं. काकांच्या घराचा स्लॅब ओतला तेव्हा त्याच मालातून हे ठोकळे भरले होते आणि ओल्या काँक्रीटवर काकूंनी हौसेने खिळ्याने तारखा घातल्या होत्या. स्लॅबला दिवसातून तीनदा पाणीही त्याच मारायच्या. अठ्ठावीस दिवसांच्या ठोकळ्याच्या ताकदीचा आकडा कमी आला, तो ऐकून त्या हिरमुसल्या. काकांनी त्यांनाही दम धरायला सांगितलं. नव्वदावा दिवस यायच्या आत काकू तापाने गेल्या.

"नव्वदचा आकडा मला आधी सांगा, म्हणालीन," काका म्हणाले. "आता फोडून कुणाला सांगू?"

मला माझीच लाज वाटली. मी टाकीत पुन्हा पाणी भरलं आणि ठोकळा त्यांच्या हातातून घेऊन अलगद त्यात सोडला. साहेबांनी विचारलं तर काय सांगू, एवढंच विचारलं.

काकांनी शर्टाला लागलेलं शेवाळ झटकलं.

"सांग, नव्वद दिवस झाले नायत अजून."

मी रजिस्टरात तसंच लिहिलं.